रिकाम्या जागा भरा – पण आधी विचारा, त्या रिकाम्या का?

‘रिकाम्या जागा भरा’ हा शाळेच्या पेपरातला सगळ्यात सोपा प्रश्न. शब्द आठवला की गुण पदरात. आकडेवारीच्या तक्त्यातल्या रिकाम्या जागा मात्र इतक्या सरळ नसतात. तिथे बरोबर उत्तर कुणाकडेच नसते आणि त्या जागेचे आपण काय करतो यावर सगळा निष्कर्ष फिरू शकतो.

आपल्या वाचकांपैकी कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सर्व्हे करत असेल, कुणी डेटा सायन्सचा कोर्स करत असेल, तर कुणी ऑफिसात रोज एक्सेल उघडत असेल. या सगळ्यांना कधी ना कधी सहसंबंध काढावा लागतो. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात का, की एक वाढली की दुसरी घटते, हे सांगणारा हा आकडा उणे १ ते १ या दरम्यान असतो. १ च्या जवळ म्हणजे दोघींची घट्ट जोडी, उणे १ च्या जवळ म्हणजे पक्की उलटी चाल, शून्याच्या आसपास म्हणजे सरळ रेषेतले नाते जवळजवळ नाही. सूत्र पाठ नसले तरी चालते, कारण सॉफ्टवेअर एका ओळीत उत्तर देते. पण तक्त्यात रिकाम्या जागा असतील तर त्या एका ओळीत सॉफ्टवेअरने तुमच्या वतीने एक निर्णयही घेतलेला असतो. तो निर्णय कोणता, हे आज पाहू.

न्यूयॉर्कचे १५३ दिवस

आर हे संख्याशास्त्राचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेतले की त्याच्याबरोबर सरावासाठी काही तक्ते येतात. त्यातला एक ‘एअरक्वालिटी’. १९७३ सालच्या मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत न्यूयॉर्क शहरात रोज घेतलेल्या हवेच्या नोंदी त्यात आहेत. एकूण १५३ दिवस आणि चार मोजमापे: ओझोन, सूर्यकिरणांची तीव्रता, वाऱ्याचा वेग आणि दिवसाचे कमाल तापमान.

जमिनीलगतचा ओझोन हा प्रदूषणाचा भाग आहे. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले वायू उन्हात एकमेकांशी क्रिया करतात आणि तो तयार होतो. म्हणजे ऊन-उकाडा वाढला की ओझोन वाढावा आणि वारा सुटला की तो पांगावा, अशी अपेक्षा. सहसंबंध काढून हे तपासता येते.

अडचण अशी, की १५३ पैकी ३७ दिवस ओझोनची नोंदच नाही. सूर्यकिरणांची नोंद ७ दिवस नाही. त्यातले २ दिवस असे की दोन्ही नाहीत. म्हणजे ४२ दिवसांच्या ओळीत कुठे ना कुठे भोक आहे आणि चारही रकाने भरलेले दिवस उरतात १११. वारा आणि तापमान मात्र सगळे १५३ दिवस मोजलेले आहेत.

आता या तक्त्याचा सहसंबंध काढायला सांगितला, तर आर सुरुवातीला सरळ हात वर करते. ओझोन किंवा सूर्यकिरण जिथे जिथे येतात तिथे उत्तराच्या जागी ‘एनए’ म्हणजे ‘उपलब्ध नाही’ असे छापते. फक्त वारा आणि तापमान यांच्या जोडीला आकडा मिळतो: उणे ०.४६. नवख्याला हा बिघाड वाटतो. खरे तर हा प्रामाणिकपणा आहे. ‘या भोकांचे काय करायचे ते तुम्ही सांगा, मग मी पुढे जाते,’ असे ते सॉफ्टवेअर म्हणत असते.

ओळ गाळायची की जोडी?

सांगण्यासाठी दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग: ज्या ओळीत एक जरी जागा रिकामी, ती अख्खी ओळ बाजूला. आरमध्ये याला ‘कम्प्लीट ऑब्झ’ म्हणतात. चारही मोजमापे असलेले १११ दिवस घ्यायचे आणि सगळे सहसंबंध त्यांच्यावरच काढायचे.

दुसरा मार्ग: प्रत्येक जोडीपुरते पाहायचे. ज्या दोन रकान्यांचा सहसंबंध हवा ते दोन भरलेले असले की तो दिवस घ्यायचा. याला ‘पेअरवाइज’ म्हणतात. मग ओझोन आणि तापमानासाठी ११६ दिवस मिळतात, सूर्यकिरण आणि वाऱ्यासाठी १४६, तर वारा आणि तापमानासाठी सगळे १५३.

उत्तरे किती बदलतात? ओझोन आणि तापमानाचा सहसंबंध दोन्ही मार्गांनी ०.७० येतो. अपेक्षेप्रमाणे उकाड्याबरोबर ओझोन वाढतो. ओझोन आणि वारा: पहिल्या मार्गाने उणे ०.६१, दुसऱ्याने उणे ०.६०. फरक नगण्य. पण वारा आणि तापमान पाहा: उणे ०.५० आणि उणे ०.४६. सूर्यकिरण आणि वारा: उणे ०.१३ आणि उणे ०.०६. हे दोन्ही आकडे क्षीणच आहेत, पण एक दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा आहे. तक्ता तोच, सूत्र तेच. बदलले ते एवढेच, की कोणत्या दिवसांना बोलू दिले.

पहिल्या मार्गाचा दोष उघड आहे. वारा आणि तापमान सगळे दिवस मोजलेले असताना ओझोनचे यंत्र गप्प होते म्हणून ४२ दिवसांची चांगली माहिती आपण फेकून देतो. दहा-बारा रकान्यांचा सर्व्हे असेल आणि प्रत्येकाने एखादा प्रश्न सोडलेला असेल, तर या मार्गाने हातात मूठभर लोक उरतात.

दुसऱ्या मार्गाचा दोष चटकन दिसत नाही. त्यात प्रत्येक आकडा वेगळ्या दिवसांवरून येतो, म्हणून ते आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. एक उदाहरण घ्या. अ आणि ब यांचा सहसंबंध ०.९, ब आणि क यांचाही ०.९ असेल, तर त्याच माणसांवर मोजलेला अ आणि क यांचा सहसंबंध गणिताने ०.६२ च्या खाली जाऊच शकत नाही. पण तीन जोड्या तीन वेगळ्या गटांवरून काढल्या तर तिथे ०.२ किंवा अगदी उणे आकडाही येऊ शकतो. एकेकटे आकडे वाचणाऱ्याला काही खटकणार नाही. तोच तक्ता पुढच्या गणिताला, उदाहरणार्थ घटक विश्लेषणाला, दिला की मग सॉफ्टवेअर अडून बसते आणि का अडले ते कळत नाही.

सरासरी भरण्याचा मोह

तिसरा मार्ग सगळ्यांना सुचतो: सरासरी काढा आणि सगळ्या भोकांत भरून टाका. तक्ता छान भरलेला दिसतो, एकही ओळ वाया जात नाही, सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मूठ उघडून पाहू. नोंद असलेल्या ११६ दिवसांची ओझोनची सरासरी सुमारे ४२ आहे. ५ मे रोजी ओझोनची नोंद नाही आणि त्या दिवशीचे कमाल तापमान ५६ अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण १३ अंश सेल्सिअस. ११ जूनलाही नोंद नाही, पण त्या दिवशी तापमान ९३ फॅरेनहाइट, म्हणजे जवळपास ३४ सेल्सिअस. सरासरी भरली की थंडगार ५ मेलाही ओझोन ४२ आणि घामाघूम ११ जूनलाही ४२. असे एकाच उंचीचे ३७ दिवस आपण तक्त्यात घुसवतो. मग ओझोन आणि तापमानाचा सहसंबंध ०.७० वरून ०.६१ वर घसरतो. हवेत काहीच बदललेले नसते. ते नाते आपणच पातळ केलेले असते.

बरे, सरासरीऐवजी हुशारीने भरू. तापमानावरून ओझोनचा अंदाज देणारी सरळ रेषा काढू आणि त्या रेषेवरचा आकडा रिकाम्या जागी ठेवू. ११ जूनला ही रेषा सुमारे ७९ देते. पटण्यासारखा आकडा आहे. ५ मेला मात्र ती उणे ११ देते! हवेत उणे ओझोन कसा असेल? शिवाय भरलेले सगळे दिवस रेषेवर नेमके शिस्तीत उभे राहतात. खरे दिवस तसे नसतात, थोडे वर-खाली असतात. म्हणून सरासरी भरल्याने सहसंबंध खोटा घटतो, तर रेषेवरून भरल्याने तो खोटा वाढतो.

यावरचा आजचा रुळलेला उपाय अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी मांडला आणि १९८७ साली त्यावर पुस्तक लिहिले. एकदाच भरून ‘हेच खरे’ म्हणू नका. अनेकदा भरा, दर वेळी थोडा फरक राहू द्या, प्रत्येक भरलेल्या तक्त्यावर गणित करा आणि शेवटी ती उत्तरे एकत्र करा. उत्तरे एकमेकांपासून किती लांब पडतात त्यावरून आपल्या अज्ञानाचे मापही मिळते. आरमध्ये यासाठी ‘माइस’ नावाचे पॅकेज आहे. ते काही सांगितले नाही तर पाच तक्ते करते. आकड्यांच्या रकान्यात त्याची नेहमीची रीत अशी, की ज्या दिवसांचा अंदाज रिकाम्या दिवसाच्या अंदाजाजवळ येतो असे काही दिवस शोधायचे आणि त्यातल्या एकाचे खरे मोजमाप उचलून ठेवायचे. खरेच मोजमाप उचलल्याने उणे ओझोनचा प्रश्नच येत नाही.

मुकाट्याने होणारे निर्णय

आर निदान विचारते. बाकीची मंडळी बहुधा विचारत नाहीत.

पायथनमधले पांडाज सहसंबंध काढताना न विचारता जोडीजोडीने गाळते. इतके, की दोनच ओळी उरल्या तरी उत्तर देते, आणि दोन बिंदूंमधून रेषा नेहमीच नेमकी जाते, म्हणून ते उत्तर बहुधा १ किंवा उणे १ असते! ‘मिन पीरियड्स’ ही सूचना देऊन कमीत कमी किती जोड्या हव्यात ते ठरवता येते. पायथनचेच नमपाय मात्र एक जरी जागा रिकामी असली तरी आकडा देत नाही. एसपीएसएसमध्ये सहसंबंधाचा नेहमीचा पर्याय जोडीजोडीचा आहे. स्टेटामध्ये ‘कोरिलेट’ अख्खी ओळ गाळते आणि ‘पीडब्ल्यूकॉर’ जोडी पाहते. म्हणजे दोन मैत्रिणींनी एकच फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर दोन उत्तरे येतील आणि चूक कुणाचीच नसेल.

एक्सेलचे ‘कोरेल’ रिकामी किंवा शब्द लिहिलेली सेल सोडून देते, पण शून्य मात्र मोजते. म्हणून ‘काही नाही’ म्हणून तिथे ० टाकणे धोक्याचे. गैरहजर मुलाला शून्य गुण पडलेले नसतात. त्याची परीक्षाच झालेली नसते. काही ठिकाणी ‘नोंद नाही’ याची खूण म्हणून ९९९ लिहायची पद्धत असते. ती खूण न काढता सहसंबंध काढला तर सॉफ्टवेअर ९९९ लाही खरे माप समजते.

खरा प्रश्न: का रिकामी?

आतापर्यंत पाहिले ते सगळे ‘कसे’ होते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे ‘का’. रुबिन यांनी १९७६ सालच्या एका लेखात याचा पाया घातला. त्यावरून आज रिकाम्या जागांचे तीन प्रकार मानतात.

पहिला, निव्वळ योगायोग. फॉर्मच्या गठ्ठ्यावर चहा सांडला आणि काही पाने गेली. कोणती गेली याचा माहितीशी संबंध नाही. इथे ओळी गाळल्या तरी उरलेले चित्र तिरपे होत नाही, फक्त थोडे पुसट होते.

दुसरा, रिकामेपणाचे कारण आपल्याकडे असलेल्या दुसऱ्या माहितीत आहे. आजी-आजोबांनी मोबाइल वापराचा प्रश्न जास्त वेळा सोडला, पण त्यांचे वय आपल्याकडे आहे. इथे वयाच्या आधाराने अनेकदा भरण्याची पद्धत चांगले काम करते.

तिसरा, जे लिहायचे होते त्याच्यामुळेच जागा रिकामी राहिली. ज्यांचे उत्पन्न फार जास्त किंवा फार कमी, त्यांनीच उत्पन्नाचा रकाना सोडला. इथे कोणतेही बटण दाबून सुटका नाही.

तिसऱ्या प्रकाराने काय होते ते सहा मुलांच्या एका काल्पनिक वर्गात पाहू. हजेरी टक्क्यांत: ४०, ५०, ६०, ७०, ८०, ९०. सगळे परीक्षेला बसले असते तर गुण असते २५, ३५, ६०, ५५, ६५, ६०. यांचा सहसंबंध ०.८६. हजेरी आणि गुणांचे नाते भक्कम आहे. पण पहिल्या दोघांना आपण नापास होणार हे माहीत होते, म्हणून ते परीक्षेलाच आले नाहीत. त्यांच्या ओळी गाळून उरलेल्या चौघांचा सहसंबंध काढला तर तो येतो ०.३२. त्या दोघांच्या जागी चौघांची सरासरी, म्हणजे ६०, भरली तर ०.१७. कागद-पेन घेऊन करून पाहा. हा अहवाल वाचून एखादे मुख्याध्यापक म्हणतील, ‘हजेरीने फारसा फरक पडत नाही.’ ज्या दोघांकडे लक्ष द्यायला हवे होते तेच हिशेबातून निसटले.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरे. पण शिते वरवरचीच उचलली तर तळाला लागलेला भात कसा कळणार?

न्यूयॉर्कच्या तक्त्याकडेही या नजरेने पुन्हा पाहा. ओझोनच्या ३७ रिकाम्या दिवसांपैकी २१ एकट्या जूनमधले आहेत. तीस दिवसांच्या जूनचे फक्त ९ दिवस बोलतात. त्यामुळे ‘पाच महिन्यांचा’ म्हणून जो सहसंबंध आपण सांगतो, त्यात जूनचा आवाज फार बारीक आहे. ही गोष्ट ०.७० या आकड्यात कुठेच दिसत नाही. महिन्यागणिक रिकाम्या जागा मोजल्या तरच दिसते.

आपल्याकडच्या हवेच्या नोंदींनाही हे लागू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून अनेक शहरांच्या नोंदी उतरवून घेता येतात आणि त्यातही भोके असतात. म्हणून हवा गुणवत्ता निर्देशांकासाठी मंडळाने नियमच केला आहे: एखाद्या प्रदूषकाचा चोवीस तासांचा आकडा धरायला निदान १६ तासांच्या नोंदी हव्यात आणि निर्देशांकासाठी निदान तीन प्रदूषक हवेत, त्यात सूक्ष्म धूलिकणांचे माप असलेच पाहिजे. किती रिकामे चालेल हे आधीच ठरवून जाहीर करणे, यात मोठा शहाणपणा आहे.

आपल्या मंडळापुरते

हे सगळे आपल्याही दारात येते. समजा, महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या मराठी मंडळाने सर्व्हे काढला: तुमचे घराणे या शहरात किती पिढ्या आहे आणि घरातली मुले दिवसातून किती वेळ मराठी बोलतात? पिढ्या वाढतात तशी मराठी घटते का, हे सहसंबंधावरून पाहायचे. फॉर्म मराठीत छापला आणि गणेशोत्सवात वाटला. तीनशे घरांपैकी दीडशे फॉर्म परत आले, सहसंबंध शून्याच्या जवळ आला आणि सभेत टाळ्या पडल्या: ‘पिढ्या गेल्या तरी आपली मराठी टिकून आहे!’

पण न आलेले दीडशे फॉर्म कुणाचे? ज्या घरात देवनागरी वाचायला कुणी उरले नाही, ती घरे मराठी फॉर्म भरणारच नाहीत. जी मुले घरी हिंदी, गुजराती, कन्नड किंवा इंग्रजीच बोलतात, ती उत्सवाच्या मांडवात कमीच दिसतात. शिकवणीचे वर्ग ज्यांच्यासाठी सुरू करायला हवेत, तीच घरे तक्त्यात नाहीत. मग मंडळ म्हणणार, ‘वर्गाची गरज नाही.’ एका सहसंबंधाच्या आधारावर.

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, पायपिटीत आहे. मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ साली हा मार्ग मांडला: टपालाने उत्तर न देणाऱ्यांतून थोडी घरे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. दीडशेपैकी वीस घरी दोन तरुण स्वयंसेवक गेले, बसून बोलले, घरच्यांना सोयीच्या भाषेत प्रश्न विचारले, तर तक्त्याचा गप्प असलेला अर्धा भाग बोलू लागेल. ती वीस उत्तरे मांडवात आलेल्या पुढच्या शंभर फॉर्मपेक्षा जास्त सांगून जातील.

सहसंबंध काढण्यापूर्वी

पुढच्या प्रोजेक्टच्या वेळी एवढे करा. प्रत्येक रकान्यात किती जागा रिकाम्या आहेत ते मोजा आणि त्या एखाद्या महिन्यात, वर्गात किंवा वयोगटात गोळा झाल्या आहेत का ते पाहा. ० आणि ९९९ खरे आहेत की ‘नोंद नाही’ची खूण, ते तपासा. सहसंबंध दोन्ही मार्गांनी काढा. फरक पडला तर थांबून कारण शोधा. प्रत्येक आकड्याशेजारी तो किती जोड्यांवरून आला ते लिहा. आणि अहवालात एक वाक्य जरूर घाला: ‘इतक्या नोंदी नव्हत्या, आम्ही त्यांचे असे केले, त्या नसण्याचे कारण आमच्या मते हे.’

व्हायव्हाला परीक्षक नेमके याच वाक्यावर बोट ठेवतील. त्याचे उत्तर तुमच्याकडे तयार असले, तर सहसंबंध ०.७ आला की ०.३, याने फारसे बिघडत नाही.